ध्यानाचे मार्क

गणपती झाले, तरी आमच्या घरच्या ग्रुपवर एकच विषय चालू आहे. भाचा मुंबईत एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या कॉलेजात पहिल्या लेक्चरआधी 20 मिनिटं ध्यान सक्तीचं केलंय, हजेरीसकट. कुडाळचे काका खूश. ध्यानाने मार्क वाढतात म्हणे. वर, "फॉरेनला सगळ्या मेडिकल कॉलेजांत हेच चालतं, विचारा आमच्या डॉक्टरला."

डॉक्टर म्हणजे मी, ब्रिटनमधल्या हॉस्पिटलात. विचारलंच आहे तर सांगतो.

जॉन कबात-झिन यांनी 1979 साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या मेडिकल स्कूलमध्ये आज 8 आठवड्यांचा असलेला ध्यानाचा कोर्स सुरू केला, तो जुनाट दुखण्याने गांजलेल्या पेशंटांसाठी. फर्स्ट क्लास काढून देण्यासाठी नव्हे. केंब्रिजमध्ये 616 विद्यार्थ्यांवर पाहिलं, तेव्हा परीक्षेच्या दिवसांतला मानसिक त्रास कमी झालेला दिसला, तेवढं मान्य. पण इथल्या शाळांत हजारो मुलांना हेच शिकवून पाहिलं, त्याचा निकाल 2022 ला आला: नेहमीच्या शिकवण्यापेक्षा काही सरस नाही. मार्क वाढल्याचा पुरावा म्हणाल, तर सोलकढीला काढलेल्या तिसऱ्या दुधाइतका पातळ. काकांनी यावर अंगठा टाकला. म्हणजे वाचलं नाही.

माझा राग ध्यानावर नाहीच. पोरगं रात्री दोनपर्यंत पॅथॉलॉजी घोकतं, साडेसातला त्याला डोळे मिटायला लावतात, आणि ते झोपतं. झोपेलच! उद्या रेसिडेंट झाला की 36 तास उभा राहील. सलग 12 तास आणि आठवड्याला 48 हा रेसिडेंटांसाठीचा नियम आपल्याकडे 1992 पासून कागदावर आहे. त्यावर ग्रुपवर कोणी बोलत नाही. इथे माझे ज्युनिअर तासभर जास्त थांबले तरी एक्सेप्शन रिपोर्ट, म्हणजे जादा कामाची लेखी नोंद, भरतात. हे मी जरा तोऱ्यातच लिहिलं. कॉरिडॉरमध्ये ट्रॉल्यांवर पडलेल्या पेशंटांचं आणि जानेवारीत ड्यूटीच्या तक्त्यात पडणाऱ्या भोकांचं नाही लिहिलं.

भाच्याचा व्हॉइस मेसेज आला: "मामा, तुका थंयसून बोलूक काय जाता?"

बरोबर आहे. माझ्या वेळी अख्ख्या सिंधुदुर्गात मेडिकल कॉलेज नव्हतं, म्हणून बाहेर पडलो, असं मी सगळ्यांना सांगत आलो. 2021 पासून ओरोसला सरकारी कॉलेज आहे. आता कारण बदलायला हवं.

आणखी एक गोष्ट ग्रुपवर लिहिलेली नाही. दोन हिवाळ्यांपूर्वी हाच 8 आठवड्यांचा कोर्स मी केला. स्वतःहून नाही, स्टाफची तब्येत बघणाऱ्या ऑक्युपेशनल हेल्थ विभागाने पाठवलं. पहिल्याच दिवशी ट्रेनरबाईंनी प्रत्येकाच्या तळहातावर एक मनुका ठेवली. बघा, बोटांत फिरवा, कानाशी न्या, जिभेवर ठेवा, चावू नका. एवढ्याशा मनुकेला पाच मिनिटं! बाकीचे शांत बसले होते. मला मे महिन्यातलं घरापुढचं खळं दिसलं. आजी रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडतेय, बिया एकीकडे, सालं दुसरीकडे, बोटं लालजांभळी. मी एक उचलून तोंडात टाकला की न बघताच म्हणायची, "मेल्या, सावकाश खा, बी गिळशीत." माझ्या डोळ्यांना धार लागली. ट्रेनरबाई हळूच म्हणाल्या, "व्हेरी कॉमन रिअ‍ॅक्शन."

त्यांना रातांबा कुठून समजावू?

आता नाइटआधी कारपार्कात गाडीत पाच मिनिटं बसतो. अ‍ॅपमधली बाई श्वास मोजायला सांगते. मार्कांचा प्रश्नच नाही, पण हात थरथरायचे ते थांबलेत.

यंदा गणपतीला काकांनी व्हिडिओ कॉल लावून गाऱ्हाणं घातलं. "परदेशात गेलेल्या लेकरांका सुखी ठेव रे म्हाराजा." सगळं घर ओरडलं, "व्हय म्हाराजा!" मीही ओरडलो, गाडीत एकटाच. कॉल संपल्यावर पाहिलं, तर मी म्यूटवर होतो.