‘बटण दाबायचं काम’ म्हणणाऱ्यांना उत्तर

नमस्कार साहेब,

आमच्या घरच्या टॉकीजवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : ‘आजोबांचे गोडवे म्हणजे इतिहास झाला का? 2,000 फुटांचं रीळ 11 मिनिटांत संपत नाही. देशातलं पहिलं मल्टिप्लेक्स 1997 ला दिल्लीत आलं, तुमची टॉकीज तर त्याच्या आदल्या वर्षीच बंद पडली. मग मल्टिप्लेक्सनं मारली कशी? व्हिडिओ-केबलनं मारली. आणि ऑपरेटरचं एवढं कौतुक काहून? बटण दाबायचं तर काम.’

रिळाचं तुमचं बरोबर. मिनिटाला 90 फूट फिल्म जाते, म्हणजे 11 मिनिटं 1,000 फुटांची, 2,000 ची 22. दुरुस्ती केली. हेच सरळ सांगितलं असतं तरी समजलं असतं, मास्तरकी कशाला?

आता बटण. हे लिहायला हात कसा धजला हो? दहावीपर्यंतची माझी प्रत्येक उन्हाळी सुट्टी टॉकीजच्या प्रोजेक्टर केबिनमध्ये गेलीय. विदर्भातला मे महिना, डोक्यावर टिनाचं छत अन् शेजारी पेटलेला कार्बन. तांब्याचा मुलामा दिलेल्या दोन कांड्या, मधल्या फटीत डीसी करंटचा आर्क, म्हणजे विजेचा झगझगीत झोत. पडद्यावरचा सगळा उजेड तिथून. कांड्या जळत आखूड होतात, त्यातही पॉझिटिव्ह लवकर. फट वाढली की चित्र मंद होतं, आणखी वाढली की अंधार. मग थर्ड क्लासातून जे ऐकू येतं ते इथे लिहिता येत नाही. म्हणून काळ्या काचेतून बघत हातानं चाक फिरवत राहायचं, अख्खा शो.

रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका दिसतो. लगेच पुढचं रीळ लावलेल्या दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची. सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका, की चेंजओव्हर : पडदा या मशीनवरून त्या मशीनवर. खाली कोणाला पत्ताही लागला नाही पाहिजे. आमचे ऑपरेटरकाका माझ्यादेखत एकदाच चुकले, अंगात ताप होता. आजोबा चकार शब्द बोलले नाहीत. त्यांना रिक्षात बसवून घरी पाठवलं आणि उरलेला पिक्चर स्वतः चालवला, धोतर खोचून. गोडवे? गाईन, गाईन.

बाकीचं. तारखांचा कीस पाडत बसायला मला वेळ नाही. टॉकीज कशानं बंद पडली ते आमच्या घराला विचारा; नागपूरच्या धरमपेठेत एसीत बसून कळत नसतं ते. पुरावे मागता, तर पिक्चरच्या धंद्यात आजही ज्याला जुन्या प्रांताच्या नावानं सीपी बेरार म्हणतात त्या वितरणाच्या टेरिटरीत आम्ही होतो, अमरावतीहून रिळांच्या पेट्या यायच्या. पावत्या आजीनं बंबात घातल्या. झालं समाधान?

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. कार्बनचे दोन तुकडे घरी जपून ठेवलेत. शनिवारी संध्याकाळी मी सीताबर्डीत, व्हरायटी चौकात असतो. या, तुकडे दाखवतो. बटण कुठं असतं ते तुम्ही दाखवा.