प्रकल्प वेळेत संपले म्हणून प्रोग्रॅम यशस्वी होत नाही

एकाच मोठ्या उद्देशासाठी एकत्र चालवलेल्या प्रकल्पांच्या गटाला प्रोग्रॅम म्हणतात. प्रकल्प व्यवस्थापनाच्या चर्चांत त्याबद्दल एक विधान सतत फिरत असतं: ‘प्रोग्रॅममधले सगळे प्रकल्प वेळेत आणि बजेटमध्ये पूर्ण झाले की प्रोग्रॅम यशस्वी. धोरणात्मक लाभ (म्हणजे ज्या उद्देशासाठी हे सगळं केलं, त्यातून मिळणारे फायदे) अमूर्त असतात, ते मोजता येत नाहीत. मोजायचेच असतील तर शेवटी बघू.’ यातले तिन्ही दावे मला चुकीचे वाटतात.

पहिला दावा वेळ आणि बजेटचा. उपग्रहांवरून फोनसेवा देणाऱ्या इरिडियम या कंपनीचं उदाहरण घ्या. ६६ उपग्रहांचं जाळं उभं राहिलं, नोव्हेंबर १९९८ मध्ये फोनसेवा सुरू झाली आणि ऑगस्ट १९९९ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. तंत्रज्ञान चालत होतं. पण हे जाळं तयार होईपर्यंत जमिनीवरचे मोबाइल सगळीकडे पोचले होते, आणि इरिडियमचा महागडा, जड फोन इमारतीच्या आत नीट चालत नव्हता. उपग्रह सोडण्याच्या वेळापत्रकात यातलं काहीच दिसलं नसतं. उलट टोकाला सिडनी ऑपेरा हाउस: अंदाज ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा, खर्च १०.२ कोटी, १९६३ ऐवजी उद्घाटन १९७३ मध्ये. तरीही त्या इमारतीला आज कोणी फसलेली म्हणत नाही. म्हणून खर्च वाढला तरी चालेल, असं मी म्हणत नाही. वेळ आणि खर्च यांवरून काम कसं झालं ते कळतं, ते कशासाठी केलं हे कळत नाही.

‘मोजता येत नाहीत’ हा दावा जास्त नुकसान करतो, कारण तो ऐकायला समंजस वाटतो. ‘ग्राहकांचा विश्वास वाढेल’ असं लिहून थांबलं तर खरंच काही मोजता येणार नाही. पण विश्वास वाढला तर काय वेगळं दिसेल, हे विचारून बघा. तीच तक्रार घेऊन परत येणारे कमी होतील, मुदत संपल्यावर करार पुन्हा करणारे वाढतील. हे आकडे बहुतेक ठिकाणी आधीच नोंदले जात असतात.

खरी अडचण वेगळीच आहे: श्रेय कोणाचं? समजा, अर्जाला लागणारे १० दिवस ६ वर आले. अर्ज ऑनलाइन करणारा प्रकल्प म्हणतो, चार दिवस आम्ही वाचवले. मंजुरीची पद्धत बदलणारा प्रकल्पही तेच चार दिवस आपल्या खात्यात लिहितो. बेरीज आठ! म्हणून लाभ प्रोग्रॅमच्या पातळीवर एकदाच मोजायचा. शिवाय वाचलेला वेळ म्हणजे वाचलेला पैसा नव्हे. त्या वेळात दुसरं काही काम झालं तरच तो लाभ.

आकडा हेच लक्ष्य झालं की लोक आकडा सांभाळतात, हा आक्षेप मात्र रास्त आहे. त्यासाठी एका आकड्यावर विसंबू नये. दिवस कमी झाले का हे बघताना चुका वाढल्या का हेही बघावं.

राहिलं ‘शेवटी बघू’. शेवटी तुलना कशाशी करणार? जुनी प्रणाली बंद झाली की तिच्या नोंदीही बहुधा हाताशी राहत नाहीत, म्हणून आधीची स्थिती काम सुरू होण्यापूर्वीच मोजून ठेवावी लागते. आणि लाभ दिसू लागतो तोवर प्रकल्पाची टीम पांगलेली असते. तो मिळवण्याची जबाबदारी पहिल्याच दिवशी नाव घेऊन सोपवावी लागते, आणि तीही प्रकल्प व्यवस्थापकावर नाही, तर रोजचं काम चालवणाऱ्या विभागप्रमुखावर.