२००७चे उंदीर आणि २०२०ची साथ

काही फॉरवर्ड मरत नाहीत. त्यातलाच हा एक: 'कोविड व्हावा म्हणून माणसाचं जनुक घातलेले, अर्धे माणूस अर्धे उंदीर असे उंदीर २००७ सालीच तयार होते. प्रयोगशाळा ते आपसात वाटून घेत होत्या. म्हणजे साथ आधीच ठरलेली होती.' यातलं साल बरोबर आहे. बाकीचं एकेक बघू.

'कोविडसाठी बनवले.' नाही, सार्ससाठी. २००२-०३च्या साथीचा तो विषाणू एसीई२ या प्रथिनाला धरून पेशीत शिरतो. उंदराचं एसीई२ त्याला नीट बसत नाही, त्यामुळे साधा उंदीर फारसा आजारी पडत नाही. म्हणून अमेरिकेत आयोवा विद्यापीठात स्टॅन्ली पर्लमन, पॉल मक्रे आणि सहकाऱ्यांनी माणसाचं एसीई२ असलेले उंदीर बनवले. कोविडचा विषाणू सार्सचाच भाऊबंद, त्याच दाराने आत येणारा.

'तयार होते.' इथे फॉरवर्ड सपशेल आपटतो. सार्स ओसरला तशी या उंदरांची मागणीही ओसरली. २०२० उजाडलं तेव्हा हाताशी होतं ते गोठवलेलं वीर्य. मेन राज्यातल्या जॅक्सन लॅबोरेटरीने त्यापासून पैदास पुन्हा उभी केली. आता हिशेब करा. गर्भ तीन आठवडे, पिल्लू आईपासून तोडायला आणखी तीन, वयात यायला जन्मापासून सहा ते आठ. त्यात जनुक उतरतं निम्म्याच पिल्लांत, आणि कोणात उतरलं ते कळायला प्रत्येकाच्या कानाचा नाहीतर शेपटीचा कणभर तुकडा काढून पीसीआर. संशोधकांना उंदरांसाठी काही महिने थांबावं लागलं. कट रचणाऱ्यांनी एवढी तरी तयारी ठेवायची! शिवाय यातल्या बऱ्याच उंदरांच्या मेंदूत संसर्ग भडकतो, जे माणसात सहसा होत नाही.

'अर्धे माणूस, अर्धे उंदीर.' वीसएक हजार जनुकांत एकाची भर. पुढे.

'वाटून घेतात, म्हणजे संगनमत.' घरचं बियाणं बुडालं की शेजाऱ्याकडून पायलीभर आणतात, तसं आहे हे. ऑक्टोबर १९४७च्या वणव्यात जॅक्सन लॅबोरेटरी उंदरांसकट जळाली. वाण वाचले, कारण पूर्वी ज्यांना उंदीर पाठवले होते त्यांनी त्यांचीच पिलावळ परत पाठवली. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. वेगळा वाढवलेला वाण गुपचूप बदलतो. सी५७ब्लॅक६ हा काळा उंदीर १९५१ मध्ये जॅक्सनहून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत गेला. आज जॅक्सनमध्ये राहिलेल्या वंशशाखेत एनएनटी जनुकाचा तुकडा गळालेला आहे आणि त्याचा परिणाम रक्तातल्या साखरेवर होतो. आरोग्य संस्थेतल्या वंशशाखेत डोळ्याचा पडदा बिघडवणारा बदल शिरलाय. कागदावर दोघं 'ब्लॅक सिक्स'. मधुमेहाच्या प्रयोगात एका शाखेचा उंदीर दुसरीच्या उंदराशी ताडून बघितला की निष्कर्ष फसलाच. म्हणून सगळ्यांनी एकाच ठिकाणचा वाण घ्यायचा.

विषाणू आला कुठून, हा वेगळा वाद; हे उंदीर त्यात साक्ष देऊ शकत नाहीत.

उंदरांवरून खरंच भांडायचं असेल तर मुद्दा आहे. युरोपीय संघात २०१७ मध्ये सुमारे १.२६ कोटी प्राणी पैदास करून, प्रयोगात न वापरताच मारले गेले. त्यात हवं ते जनुक न उतरलेली पिल्लंही आली. वाण एका ठिकाणी गोठवून ठेवला आणि लागेल तेव्हाच वाढवला, तर हा आकडा कमी होतो. प्रत्येक प्रयोगशाळा आपापली उंदरांची वसाहत बारमाही पोसत बसली, तर वाढतो.