‘फाइट द पॉवर’ चोरीचं गाणं नाही

हा फॉरवर्ड याआधी मला तीन ठिकाणांहून आला होता, आणि तिन्ही वेळा मी सोडून दिला. परवा तो आमच्या घरच्या ग्रुपवर आला, आणि रोख माझ्या भाच्याकडे होता. भाचा सतरा वर्षांचा आहे, लॅपटॉपवर बीट बनवतो. आजोबांच्या जुन्या कॅसेटमधले हलगीचे दोन ठेके कापून त्यावर त्याने मराठी रॅप रचला होता. फॉरवर्डखाली त्याच्या काकांनी लिहिलं, ‘बघ, हे तुझे आदर्श.’ रात्री पोराने स्वतःचं गाणं ग्रुपवरून काढून टाकलं. आता गप्प बसणं शक्य नाही.

फॉरवर्डचं म्हणणं असं: पब्लिक एनिमी या अमेरिकन रॅप गटाचं १९८९ सालचं ‘फाइट द पॉवर’ दुसऱ्यांच्या तबकड्यांतून चोरून अर्ध्या तासात मशीनवर जुळवलं, त्यात एकही वाद्य वाजलेलं नाही. त्या गाण्याने न्यूयॉर्कमध्ये दंगल पेटवली. त्यात एल्व्हिस प्रेस्ली या गोऱ्या गायकावर मत्सरातून चिखलफेक केली. गटात ज्यूद्वेष्टे होते. आणि त्या वेळी या गाण्याला कुणी विचारलंही नव्हतं.

आधी चोरी, कारण पोराला लागलं ते तेच.

दिग्दर्शक स्पाइक ली याला ‘डू द राइट थिंग’ या चित्रपटासाठी गाणं हवं होतं. त्याच्या मनात होतं ‘लिफ्ट एव्हरी व्हॉइस अँड सिंग’ या कृष्णवर्णीयांच्या जुन्या गौरवगीताचं हिपहॉप रूप. गटाचा संगीत-निर्माता हँक शॉकली याने नकार दिला. खिडकी उघड आणि रस्त्यावरच्या गाड्यांतून काय ऐकू येतं ते ऐक, असं त्याचं म्हणणं. गटाचा रॅपर चक डी याने बरेचसे शब्द लिहिले ते युरोपच्या दौऱ्यात, इटलीवरून जाणाऱ्या विमानात. नाव सुचलं आयझ्ली ब्रदर्सच्या १९७५ च्या गाण्यावरून, आणि हे त्याने कधी लपवलं नाही. एकही वाद्य नाही म्हणता? ब्रॅनफर्ड मार्सालिससारख्या जॅझवादकाकडून शॉकलीने सॅक्सोफोन वेगवेगळ्या ढंगांत वाजवून घेतला आणि ते तुकडे एकमेकांवर चढवले.

आणि मशीन! त्या काळी हे लोक वापरत त्या एसपी-१२०० मध्ये जेमतेम दहा सेकंदांचा आवाज मावायचा. त्या दहा सेकंदांत कोणता ठोका ठेवायचा, कोणता सोडायचा, कशावर काय चढवायचं, हे ठरवायला कान लागतो. यंत्र ते ठरवत नाही.

चक डी आणि शॉकली यांची केम्ब्रू मॅक्लाउड या अभ्यासकाने घेतलेली एक मुलाखत आहे. वाद घालायचा असेल त्याने आधी ती वाचावी. वादक जसा वाद्यातले स्वर जुळवतो तसे आम्ही तबकडीतले आवाज जुळवत होतो, असं ते सांगतात. एकेका गाण्यात ढिगाने तुकडे, एकमेकांत इतके मिसळलेले की त्यांतून वेगळाच आवाज तयार व्हावा. १९९१ मध्ये रॅपर बिझ मार्कीविरुद्धच्या खटल्यात न्यायालयाने बिनपरवानगी सॅम्पलिंगला, म्हणजे दुसऱ्याच्या तबकडीतला तुकडा आपल्या गाण्यात वापरण्याला, चोरी ठरवलं. त्यानंतर कुणाची गाजलेली चाल अख्खी उचलणाऱ्याचं भागलं, कारण त्याला एकाच मालकाला पैसे द्यायचे होते. पन्नास तुकड्यांतून नवं काही घडवणाऱ्याला पन्नास दारं ठोठवावी लागली. पब्लिक एनिमीला आपली पद्धतच बदलावी लागली. जास्तीत जास्त नवं घडवणाऱ्यालाच जास्त फटका बसला, आणि फॉरवर्ड नेमकं त्यालाच चोर म्हणतो.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करते. या गाण्यात गायक जेम्स ब्राउनच्या ‘फंकी ड्रमर’मधला ठेका आहे. तो वाजवला त्याचा ड्रमवादक क्लाइड स्टबलफील्डने. तो ठेका असंख्य गाण्यांत वापरला गेला, पण गीतकार म्हणून नाव ब्राउनचंच असल्यामुळे स्टबलफील्डला त्याची रॉयल्टी मिळाली नाही. हा अन्याय खरा आहे. पण तो मूळ तबकडीच्या कागदावरच झाला होता, रॅपवाले त्यानंतर आले.

आता दंगल. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने चित्रपटातला प्रसंग खरा समजून खपवलाय! पडद्यावर रेडिओ रहीम नावाचा तरुण हेच गाणं मोठ्याने वाजवत फिरतो, पिझ्झावाला त्याचा रेडिओ फोडतो, मारामारी होते, पोलीस रहीमचा गळा आवळून जीव घेतात आणि मग जमाव दुकान पेटवतो. १९८९ मध्ये काही समीक्षकांनी लिहिलं होतं की हा चित्रपट पाहून खऱ्या दंगली होतील. झाल्या नाहीत. त्या उन्हाळ्यात ब्रुकलिनमध्ये खरोखर मेला तो युसुफ हॉकिन्स, सोळा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा. गोऱ्या पोरांच्या जमावाने त्याला घेरलं आणि गोळी घातली गेली. फॉरवर्डमध्ये त्याचं नावही नाही.

एल्व्हिसला सरळ वंशद्वेष्टा म्हणणारी गाण्यातली ओळ माणूस म्हणून त्याच्यावर अन्याय करणारी आहे, असं मलाही वाटतं. चक डीनेही पुढे स्पष्ट केलं की एल्व्हिसच्या कलेबद्दल त्याला आदर आहे. राग होता तो मुकुटाचा: ज्या काळ्या कलावंतांकडून ते संगीत आलं त्यांना वगळून एकट्याला ‘राजा’ म्हणण्याचा. याला मत्सर म्हणत नाहीत.

ज्यूद्वेषाचा मुद्दा खरा आहे. गटातल्या प्रोफेसर ग्रिफने मे १९८९ मध्ये एका मुलाखतीत जे बरळलं त्याचं समर्थन होऊच शकत नाही, आणि त्याला गटातून काढलं गेलं. हे गाणं त्याने लिहिलेलं नाही.

‘कुणी विचारलं नव्हतं’ हे धादांत खोटं. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ या साप्ताहिकाने घेतलेल्या समीक्षकांच्या मतदानात हेच सर्वोत्तम सिंगल ठरलं आणि बिलबोर्डच्या रॅप यादीत ते पहिलं आलं.

बाळा, गाणं परत टाक. फक्त त्याआधी आजीला विचार, त्या कॅसेटवर हलगी कोणी वाजवली होती. तिला आठवत असेल. ते नाव गाण्याखाली तुझ्या नावाच्या वर लिही, आणि त्यांच्या घरचं कुणी गावात असेल तर रविवारी आपण दोघं जाऊन त्यांना ऐकवू.