गोष्टी रचणाऱ्याने जीवनमरणाच्या प्रश्नांत पडू नये?

समाजमाध्यमांवर सतत पुढे पाठवले जाणारे एक मत असे आहे: कथा-कादंबऱ्या रचणाऱ्याने रुग्णांच्या जीवनमरणाच्या प्रश्नांत पडू नये; साहित्य, कायदा आणि वैद्यक असे सगळेच करू पाहणारा म्हणजे ‘एक ना धड भाराभर चिंध्या’; आणि त्याच्या कादंबऱ्या म्हणजे त्याच्या मतांचा प्रचार. न्यूयॉर्कचे कादंबरीकार, मनोविकारतज्ज्ञ आणि जैवनीतिशास्त्राचे, म्हणजे वैद्यकातील नैतिक प्रश्नांच्या शास्त्राचे, अभ्यासक जेकब अपेल यांचे काम समोर ठेवले, तर यातला एकही आक्षेप टिकत नाही.

आधी चिंध्यांचा आक्षेप पाहू. १९७३ साली जन्मलेल्या अपेल यांनी २००३ मध्ये हार्वर्डमधून कायद्याची आणि २००९ मध्ये कोलंबियातून वैद्यकाची पदवी घेतली, आणि माउंट सायनायच्या वैद्यकीय महाविद्यालयात ते मनोविकारशास्त्रातील नीतिशिक्षणाचे काम पाहतात. या पदव्यांचा एकमेकींशी संबंध नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी मनोविकारतज्ज्ञाचे एक नेहमीचे काम पाहावे. पायाला गँगरीन झालेला रुग्ण शस्त्रक्रियेला नकार देतो, तेव्हा हा निर्णय घेण्याची क्षमता त्याच्यात आहे का, हे तपासायला मनोविकारतज्ज्ञाला बोलावतात. तो विचारतो, “डॉक्टरांनी काय सांगितले, ते तुमच्या शब्दांत सांगाल का? पाय तसाच ठेवला तर काय होईल?” रुग्णाला माहिती समजली आहे का, ती आपल्यालाच लागू आहे हे त्याला पटते का, तो कारणे देऊ शकतो का आणि आपली निवड स्पष्ट सांगतो का, या चार गोष्टी त्याच्या उत्तरांत शोधल्या जातात. आजार वैद्यकाने कळतो आणि नकाराचा हक्क कायद्याने. उत्तरामागची भीती ओळखणारा कान मात्र साहित्याच्या सहवासात तयार होतो, असे माझे ठाम मत आहे.

दुसरा आक्षेप असा, की कल्पनेत रमणाऱ्याचे विचारही हवेतलेच असणार. अपेल यांचा २००७ साली ‘हेस्टिंग्ज सेंटर रिपोर्ट’ या नियतकालिकात आलेला, मनोरुग्णांना वैद्यकीय मदतीने मृत्यू स्वीकारण्याचा हक्क असावा का यावरचा लेख याला उत्तर देतो. असाध्य आणि गंभीर मानसिक आजाराचे दुःखही शारीरिक आजाराइतके असह्य असू शकते, असे स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये म्हटले होते. मात्र अशा रुग्णाला मृत्यूसाठी मदत देण्याआधी तज्ज्ञांची सखोल तपासणी आवश्यक मानली होती. अपेल यांचा युक्तिवाद असा, की वैद्यकीय मदतीने मृत्यू स्वीकारण्याचा हक्क जर यातनामुक्ती आणि स्वनिर्णय या दोन आधारांवर उभा असेल, तर निर्णयक्षम मनोरुग्णांना त्यातून सरसकट वगळता येणार नाही. मला हा निष्कर्ष मान्य नाही, कारण मानसिक आजारात मरणाची इच्छा हेच पुष्कळदा आजाराचे लक्षण असते आणि उपचारांनी ती ओसरते. परंतु हे खंडन मला त्यांच्या दोन आधारांपाशी जाऊनच करावे लागते. ते कादंबऱ्या लिहितात, एवढ्या माहितीने ते होत नाही. शिवाय कल्पित प्रसंग हे जैवनीतिशास्त्राचे जुनेच साधन आहे. त्यांचे २०१९ चे ‘हू सेज यू आर डेड?’ हे पुस्तक अशाच प्रसंगांवर बेतलेले असून, प्रत्येक प्रसंगानंतर चर्चा येते आणि निवाडा वाचकावर सोपवला जातो.

प्रचाराच्या आक्षेपाला फार वेळ देण्याची गरज नाही. २०१२ साली डंडी आंतरराष्ट्रीय पुस्तक पुरस्कार मिळवणाऱ्या त्यांच्या ‘द मॅन हू वुडन्ट स्टँड अप’ या कादंबरीचा नायक वनस्पतिशास्त्रज्ञ आहे. बेसबॉलच्या सामन्यात देशभक्तिपर गीताच्या वेळी तो उभा राहत नाही आणि त्यावरून गदारोळ उठतो. कथेचा हा गाभा रुग्णालयाबाहेरचा आहे.

अशा लेखकांवर आक्षेप घ्यायचाच असेल, तर तो गोपनीयतेचा घ्यावा. रुग्णाने विश्वासाने सांगितलेली हकीकत डॉक्टरच्या कथेत उतरली, तर नाव-गाव बदलूनही ती त्याच्या घरच्यांना ओळखू येऊ शकते. हा प्रश्न प्रत्येक डॉक्टर-लेखकाला विचारायला हवा, आणि फिरवल्या जाणाऱ्या त्या मतात नेमका तोच नाही.