दमा माझा आणि पथ्य बायकोला?

गेल्या महिन्याभरात हा एकच मेसेज मला चार ग्रुपवर आलाय, त्यातला दोनदा तर आमच्याच फॅमिली ग्रुपवर, टाकणारी आत्या आणि खाली काकूंचे जोडलेले हात. म्हणणं थोडक्यात असं: बाळाला खाण्याची ॲलर्जी होते कारण आईने गरोदरपणात दाणे, अंडी, दूध खाल्लेलं असतं. ॲलर्जी आईकडूनच येते, बापाचा संबंध नाही. आईचं दूध बाधत असेल तर अंगावरचं तोडा, वरचं चालू करा. तीन वर्षांपर्यंत दाणे-अंडं दाखवूसुद्धा नका. आणि पुढच्या बाळाआधी दोघांनी डिटॉक्स करून दोनशे पदार्थांची रक्ततपासणी करून घ्या.

मी डॉक्टर नाही. पण आमची पोरगी सात महिन्यांची असताना तिला पहिल्यांदा उकडलेल्या अंड्याचा चमचाभर भरवला आणि दहा मिनिटांत हनुवटीभोवती, मानेवर लालभडक गांधी उठल्या, एक उलटी झाली, आम्ही गाडी काढून दवाखान्यात पळालो. औषध दिल्यावर तासाभरात उतरलं. रात्री घरी आलो तर दारातच पहिला प्रश्न कोणाला? बायकोला. "डोहाळ्यात अंडी फार खाल्लीस का गं?"

मला कोणी काहीच विचारलं नाही. आणि दमा कोणाला? मला. लहानपणी कोपराच्या खोबणीत खाजवून खाजवून रक्त काढणारा कोण? मीच. अजूनही सकाळी उठल्यावर सलग पंधरा शिंका दिल्याशिवाय माझा दिवस उगवत नाही. बायकोला आयुष्यात साधी पुरळ आलेली नाही.

म्हणून आधी बापाचंच घेतो. दमा, इसब, सततची सर्दी-शिंका यांची जी एक अंगातली प्रवृत्ती असते ती आईकडूनही येते, बापाकडूनही. दोघांपैकी एकाला असली तर पोराचा धोका वाढतो, दोघांना असली तर आणखी. आणि यात नेमका पदार्थ वारशाने येत नाही, येते ती प्रवृत्ती, त्यामुळे बापाला दमा आणि लेकीला अंडं असं सहज होऊ शकतं. २००६ साली फिलाग्रिन नावाच्या जीनमधला बिघाड आणि इसब यांचा संबंध सापडला. या जीनपासून बनणारं प्रोटीन कातडीची भिंत घट्ट ठेवतं, ते कमी पडलं की कातडी कोरडी, भेगाळलेली राहते. हा बिघाड आई-बाप कोणाकडूनही येतो, त्याला काही माहेर-सासर कळत नाही. उलट आईच्या रक्तातल्या ज्या आयजीई अँटीबॉडीमुळे ॲलर्जी उठते, ती वार (प्लासेंटा) ओलांडून बाळाकडे जवळजवळ जातच नाही. म्हणजे जी गोष्ट आई 'देते' असं सगळे धरून चालतात, तीच नेमकी पोचत नाही.

आता डोहाळ्यांचं. इंग्लंडमध्ये एव्हन भागातली जवळपास चौदा हजार मुलं जन्माआधीपासून नोंदवून अभ्यासली गेली आणि २००३ मध्ये त्यातून शेंगदाण्याच्या ॲलर्जीवरचे निष्कर्ष आले. आईने गरोदरपणात दाणे खाल्ले की नाही याचा संबंध लागला नाही. संबंध कशाचा लागला माहितीये? इसब आलेल्या कातडीवर शेंगदाण्याचं तेल असलेली क्रीम चोळण्याचा! तिथून पुढे हा विचार पक्का होत गेला, की पदार्थ पोटातून गेला तर शरीर त्याला आपलं मानायला शिकतं आणि फुटलेल्या कातडीतून गेला तर शत्रू मानायला. आणि गरोदर किंवा पाजणाऱ्या बाईने पदार्थ टाळून फायदा होतो का यावरचे जेवढे प्रयोग एकत्र करून तपासले गेले त्यात फायदा दिसला नाही, दिसलं एवढंच की टाळणाऱ्या बायकांचं गरोदरपणातलं वजन कमी वाढलं. आपल्याकडे आधीच निम्म्या गरोदर बायका रक्त कमी म्हणून गोळ्या खातात, त्यात अंडी-दूध-दाणे काढून घ्यायचे, मग उरतं काय, पेज?

हे कातडीचं वाचल्यावर मी चपापलो होतो. आमच्याकडे अंघोळ घालायला मावशी यायच्या, छान बाई, पण पद्धत अशी की आधी तेल, मग साय आणि डाळीचं पीठ एकत्र करून लव जाईपर्यंत घासायचं, आणि पोरीचे गाल तेव्हा इसबाने आधीच फुटलेले. दोन महिने रोज हरभरा आणि दूध आम्ही तिला कातडीतून 'भरवत' होतो. त्याच्यानेच काही झालं असं मी म्हणत नाही, अंडं काही त्यात नव्हतं, पण इसब असलेल्या बाळाला पीठ घासू नये एवढं साधं कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आईचं दूध बाधतं, हे थोडं सावकाश बघायला लागेल कारण यात कणभर तथ्य आहे. आईने वांगं किंवा हरभरा खाल्ला की बाळाला गॅस होतो हे खोटं, गॅस आईच्या मोठ्या आतड्यात तयार होतो, तो दुधात उतरत नाही. आईला दूध पचत नाही म्हणून बाळालाही पचणार नाही, हेही खोटं. आईच्या दुधात १०० मिलीला साधारण ७ ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, असतंच, ती गाईचं दूध पिवो न पिवो, आणि ते पचवायची ताकद बाळाकडे जन्मतः असते, कमी होते ती पुढे वाढत्या वयात. खरं एवढंच, की आईने खाल्लेल्या गाईच्या दुधाच्या प्रोटीनचा अगदी किंचित अंश तिच्या दुधात येतो आणि काही थोड्या बाळांना तो सोसत नाही, शीमध्ये रक्ताचे धागे दिसतात. तेव्हा डॉक्टर आईला दोन ते चार आठवडे दूध-दही-पनीर बंद करायला सांगतात, फरक बघतात, मग परत चालू करून खात्री करतात. बंद काय करायचं तर आईच्या ताटातलं दूध, आईचं दूध नाही. आणि मेसेज काय सांगतो, अंगावरचं तोडा आणि वरचं द्या! अहो, ज्याचा थेंब सोसत नाही त्याचीच बाटली तोंडात?

तीन वर्षं दाणे-अंडी नको, हे मात्र आत्याने मनाने रचलेलं नाही, हे खरंच डॉक्टर सांगायचे. २००० साली अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने धोका जास्त असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका म्हटलं होतं, ब्रिटनमध्ये १९९८ पासून ॲलर्जीवाल्या घरातल्या गरोदर बायकांना दाणे टाळा सांगत होते. अमेरिकेने ते २००८ मध्ये मागे घेतलं, ब्रिटनने २००९ मध्ये. आपला फॉरवर्ड अजून तिथेच अडकलाय. २००८ मध्ये लंडनच्या गिडिअन लॅक यांच्या टीमने लंडनमधली ज्यू मुलं आणि इस्राएलमधली ज्यू मुलं यांची तुलना केली. लंडनच्या मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी दहापट होती, आणि इस्राएलची पोरं दात यायच्या वयापासून बांबा नावाचे दाण्याचे कुरकुरे चघळत होती. मग त्यांनी जोरदार इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० बाळं घेतली, अर्ध्यांना पाच वर्षांपर्यंत दाणे दिले, अर्ध्यांना टाळायला लावले. २०१५ मध्ये निकाल आला: खाणाऱ्यांमध्ये ॲलर्जी ८१ टक्क्यांनी कमी.

आता आपल्या घरात काकडीच्या कोशिंबिरीपासून खिचडीपर्यंत सगळ्यात कूट, आणि बाळाला तेवढं वेगळं काढून ठेवायचं म्हणजे गंमतच. अर्थात अख्खे दाणे लहान मुलाला कधीच नाही, घशात अडकतात. बारीक कूट पातळ खाण्यात कालवून. आणि बाळाला जोरदार इसब असेल किंवा अंड्याने गांधी उठल्या असतील तर घरी प्रयोग नको, आधी डॉक्टर. ओठ सुजले, श्वास लागला, उलट्या थांबेनात, तर फोनाफोनी न करता सरळ हॉस्पिटल.

रक्ततपासणीवर फार शाई घालवत नाही. त्या पॅकेजात आयजीजी नावाची वेगळीच अँटीबॉडी मोजतात, ती म्हणजे तुम्ही तो पदार्थ खाता याची शरीराने ठेवलेली नोंद. माझ्या मित्राच्या रिपोर्टात गहू, तूर, दूध सगळं लाल आलं, कारण तो रोज वरण-पोळी खातो. युरोप-अमेरिकेतल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटना ही तपासणी यासाठी करू नका असंच सांगतात. आणि डिटॉक्सने बापाचे जीन धुतले जात नाहीत.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. तासभर शांतता, मग आत्याचा मेसेज: "मग मावशीला पीठ बंद करायला सांगितलंस का?" सांगितलं. मावशी दोन दिवस फुगल्या होत्या, आता कोमट पाणी आणि अंघोळीनंतर बिनवासाचं मलम. दाण्याची कातडीवरची टेस्ट झाली, पहिला चमचा डॉक्टरांसमोर दिला, आता आठवड्यातून तीनदा खिचडीत कूट असतो. अंड्याचं पुढच्या महिन्यात दवाखान्यातच परत बघायचंय, आधी केकमध्ये भाजलेलं, कारण बऱ्याच मुलांना तसं सोसतं म्हणतात. त्या दिवसाची सुट्टी मी टाकलीये.