दोनच टायर नवे घेताय? मग ते मागे बसवा

‘जुन्या गाडीला दोन टायर नवे घेतले तर पुढे टाका, आणि ब्रेकपॅड आवाज करणाऱ्या चाकाचेच बदला,’ असा मेसेज कोल्हापुरात फिरतोय. दोन्ही सल्ले चुकीचे आहेत.

इंजिन पुढची चाकं ओढतं, म्हणून नवे टायर पुढे, हे पटतं खरं. पण गगनबावड्याच्या पुढे करूळ घाटात, ओल्या वळणावर मागचा गोटा टायर पाण्यावर तरंगला की गाडीचं बूड बाहेर फेकलं जातं आणि गाडी गर्रकन फिरते. पुढचा टायर घसरला तर गाडी सरळ जाऊ पाहते. ॲक्सिलरेटर सोडला की बहुतेकदा सावरते. म्हणून नवी जोडी मागे, बरी जुनी पुढे. नक्षी १.६ मिलिमीटरवर आली, म्हणजे खाचेतल्या उंचवट्याला टेकली, की टायर संपला. विकत घेताना बाजूचे चार आकडेही वाचाच: २३२४ म्हणजे टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला.

पॅड एका ॲक्सलचे, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या दोन्ही चाकांचे, चारही एकदम बदलायचे, नाहीतर ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढते. एकच पॅड जास्त झिजला असेल तर कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, पिना जाम झाल्यात का बघा. त्या साफ करून ब्रेकचं ग्रीस लावल्याशिवाय नवा पॅडही तसाच झिजेल. आणि काम झाल्यावर, गाडी हलवण्याआधी, पेडल घट्ट होईपर्यंत दाबा. नवे पॅड बसवताना कॅलिपरमधला पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे पहिला ब्रेक थेट तळाला जातो.